अण्णांच्या गाडीची टकटक

इंजिनाचं नाव काढू नका राव, आधी चहा घ्या. आमच्या अण्णांची जुनी ॲम्बेसेडर माहितीय ना? ते गेल्यापासून पोर्चमध्ये नुसती उभी होती. आई महिनाभर गंगापूरला मामाकडं गेली, तेवढ्यात मी घरीच इंजिन उतरवलं अन् पिस्टनपासून सगळं नवं घालून बांधलं. अण्णांच्या वेळी ते लई टकटक करायचं. ती टकटकही घालवली.

काल आई परतली. मी मुद्दाम मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चक्कर मारून आलो अन् अण्णांसारखीच दारात गाडी लावली. आई बाहेर आलीच नाय. आत गेलो तर निवांत मेथी निवडत बसलेली.

"आई, अण्णांची गाडी आणली की दारात!"

"व्हय? मला वाटलं दुसऱ्याच कुणाची. ती टकटक कुठं गेली?"

"काढली ना. बिघाड होता तो."

"बिघाड?" तिचा हात थांबला. "ती कोपऱ्यावर ऐकू आली की मी तवा ठेवायची रे."

गाडी दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत. बिघाड परत बसवून देणारा कुणी माहीत असेल तर सांगा.