चिमणीची बाजू

(बाळकुम. जिथे भातशेती होती तिथे आता टॉवर. त्याचा सातवा मजला. बायजा, तिचा मुलगा कमलेश आणि ठाणे कोर्टात ज्युनिअर वकील असलेली मुलीची मुलगी कृतिका.)

कमलेश : …तर गावकीचा निकाल लागला. सर्वेशने हात जोडून माफी मागायची, देवळाला तोरण द्यायचं, आणि चिमणीला संध्याकाळी खाटकाकडे पाठवायचं. फायनल. आणि आता नीट ऐका, असं काही झालेलंच नाहीये.

कृतिका : मामा, झालेलंच नाही तर माफी कशाची?

कमलेश : जनरल.

बायजा : चिमनीनं काय केला?

कमलेश : आये, ती दिसली की लोकांना आठवणार ना.

बायजा : आनि तुजा मेवना दिसला की नाय आठवनार?

कमलेश : त्याची परवा हळद आहे!

बायजा : मंग त्याच्या नवरीला तरी सांग. दिवा गावची पोर बिचारी. त्यानं पार्किंगमदे माज्या शेलीशी नको ता केला, ह्ये तिला कोनी सांगला का?

कमलेश : दारू प्यायलेला तो.

कृतिका : कॅमेऱ्यात दोरी सोडून, गेट लावून घेताना दिसतो. एवढी शुद्ध होती.

कमलेश : तो कॅमेरा! चिमणी क्लबहाऊसची जास्वंद खाते म्हणून सोसायटीने लावलेला.

कृतिका : जास्वंदीचं पुढे काय झालं?

कमलेश : जास्वंद तिने आधीच संपवलेली.

बायजा : कृतिका, तू बोल. कायदा काय बोलतंय?

कृतिका : आजी, जुन्या कायद्यात तीनशे सत्त्याहत्तर कलम होतं. त्यात याला मोठी शिक्षा होती. नवीन संहिता आली, त्यात ते कलम घेतलंच नाही.

बायजा : कनाला?

कृतिका : कलमात माणसंही होती, जनावरंही होती. माणसांचं काय करायचं यावर एवढी वर्षं भांडण झालं. जनावरं मध्ये कुठेतरी राहूनच गेली.

कमलेश : म्हणजे गुन्हाच नाही! बघ!

कृतिका : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याचा कायदा आहे. पहिल्या वेळेला दंड. जास्तीत जास्त पन्नास रुपये.

कमलेश : पन्नास? कोरम मॉलला गाडी लावली तरी… अरे, मी भरतो. आत्ता. यूपीआय चालतं का?

बायजा : पन्नास रुपयात काय येतंय रे आता?

कृतिका : एक शेळी येते, आजी. कायद्याने.

कमलेश : हे बघ कृती, तू ते संमती-संमती लावलंयस ना सकाळपासून? दूध काढताना विचारतेस तिला? आजीने तिला कशेळीला बोकडाकडे नेली, तेव्हा विचारलेलं?

कृतिका : नाही.

कमलेश : मटण?

कृतिका : रविवारी मीही खाते.

कमलेश : मग? आणि जत्रेला काय करतो आपण? बोकडाच्या पाठीवर पाणी टाकतो. त्याने अंग झाडलं की सगळे खूश, बोकड हो बोलला. नाही झाडलं तर परत पाणी. मग कानात पाणी. कानात पाणी टाकल्यावर मी पण हो बोलेन! ही तुमची संमती.

बायजा : खरा हाय.

कमलेश : …खरंय ना?

बायजा : खोटी हाय ती संमती. पन तो अंग झाडत नाय तवर सगली उभी रातात. वाजापवाला थांबतंय, सुरीवाला थांबतंय. सगल्यांना ठावं हाय, आत कोनीतरी हाय, तो ‘नाय’ पन बोलल. तेवढी तरी लाज हाय आपल्यात. सर्वेश कनासाठी थांबला?

कृतिका : मी एवढंच म्हणते मामा, जिला हो म्हणताच येत नाही, तिचं उत्तर ‘नाही’च धरून चालायचं. माणसात आपण तेच करतो.

कमलेश : आणि आपण? आपण किती वेळा ते ‘नाही’ धरलं?

कृतिका : फार कमी वेळा. म्हणून यावेळीही सोडायचं?

कमलेश : आये, तुझी सून भावना बोललीय, तिच्या भावावर तक्रार गेली तर ती माहेरी जाईल. परत येणार नाही. पेपरवाले हसतील ते वेगळंच. चौकीत तर आधीच हसतील.

बायजा : हसूदे. कृतिका, तक्रार केली तर चिमनीचं काय?

कृतिका : फिर्यादी तू. ती मुद्देमाल.

बायजा : म्हंजे?

कृतिका : चाकू, चोरीची बाईक, तसं. खरं तर मुद्देमाल पाकिटात घालून, लाख लावून सील करतात. हिला कुठून सील करणार ते हवालदाराला विचारावं लागेल. पण एक आहे. मुद्देमाल खाटकाला देता येत नाही.

बायजा : केस किती चालंल?

कृतिका : शेळीच्या आयुष्यापेक्षा जास्त.

बायजा : मंग ल्ही.

कमलेश : आये, भावनाला मी काय सांगू?

बायजा : सांग, आयेनं केला. रागावली तर माज्यावर रागावंल. घर तिचाच हाय, गेली तरी येवदे परत. मी बोलवाला जाईन. ल्ही गो.

कृतिका : लिहिलं. नाव, पत्ता, घटना, कॅमेरा. शेवटी विनंती काय? आरोपीला कडक शिक्षा?

बायजा : पन्नास रुपयाची कडक शिक्षा कशी करतात?

कृतिका : मग?

बायजा : तीन दिवस झाले, मी जवल गेली तरी मागं सरकते. माज्या हातचा पाला खात नाय. तिला वाटत असंल, तिचाच काय चुकला. ल्ही तसा, तुमच्या भाषेत.

कृतिका : "…सबब, मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, आरोपीस दंड होवो अथवा न होवो, सदर शेळीची कोणतीही चूक नव्हती, हे तिला समजेल अशा भाषेत तिला कळविण्यात यावे."