बाहेरचं स्थळ

...आता तुम्हीच सांगा, मी बहिणीचं ऐकू का डॉक्टरचं? तुम्हाले सांगतो, आमच्या घराण्यात मामाची पोरगी करायची म्हणजे करायचीच! आज्यानं केली, बापानं केली, मी केली... अन् प्रत्येक पिढीत एखादं पोर जन्मापासून बहिरं! माझा काका बहिरा, माझा वामन बहिरा. काहून? तर म्हणे आमच्या गावच्या, खाप्याच्या विहिरीचं पाणी! अख्खी विहीर बुजवली ना जी आम्ही, तरी वामन झालाच!

डॉक्टर म्हणे, "भैयाजी, दोष पाण्यात नाही, रक्तात आहे. आईबापात लपून राहते, दोघांकडूनही आला की पोर बहिरं. तुमच्या पोरीले, गोपिकाले, नात्यात देऊ नका." आता हे माझ्या बहिणीले, रुख्मिणीले, कोण सांगन? तिनं तर गोपिकाच्या बारशालेच सून म्हणून बोट ठेवलेलं!

"दादा, माझ्या दिगांबरात काय खोट आहे?"

"त्याच्यात नाही वं, रक्तात आहे!"

"म्हणजे माझं रक्त खराब?"

"अवं, माझंही तेच आहे!"

"मंग?"

मंग! बहिणीले हो म्हणा, तर नातवाचे कान जाते. नाही म्हणा, तर बहीण जाते. जाऊ कुठं माणसानं?

शेवटी प्रताप नगरचं स्थळ आणलं, एकदम परकं. मनोहरराव, त्यांचा पोरगा, म्हातारी आई. रुख्मिणी फुगून का होईना, पोहे करायले आली होती. बायको कानात, "वामनचं बोलू नका, पोरगी घरात राहीन!" बोललो तर लग्न मोडते, नाही बोललो तर फसवणूक... जाऊ कुठं माणसानं? बोललो बापा! सारं सांगून टाकलं!

तर मनोहररावांनी माझे हातच धरले. "अहो, आमच्या थोरलीलेही ऐकू येत नाही! डॉक्टरनंच सांगितलं, पोराले बाहेरची पोरगी करा!"

माझे डोळे भरून आले जी. बायको तर इतकी खुश, म्हातारीले विचारते, "आजी, माहेर कुठलं तुमचं?"

"खाप्याचं."

"खाप्याचं? कोणाकडच्या?"

अन् म्हातारीनं माझ्या आज्याच्या भावाचं नाव घेतलं! माझ्या बापाची चुलत बहीण! छिंदवाड्याकडं दिली होती, मंग जाणंयेणं तुटलं... इतकं हिंडून मी स्थळ आणलं, तेही घरचंच!

तेवढ्यात झारा घेऊन रुख्मिणी बाहेर आली.

"दादा, नात्यातच द्यायची होती, तर माझा दिगांबर काय वाईट होता?"

इकडं बहीण, तिकडं बायको, समोर मनोहरराव, अन् दारात गोपिका रडून राहिली... जाऊ कुठं माणसानं? कोपऱ्यात एकटा वामन निवांत पोहे खाऊन राहिला होता. जिंदगीत पहिल्यांदा पोराचा हेवा वाटला.

गेलो, त्याच्या बाजूले बसलो, अन् त्याच्याच प्लेटमधले पोहे खाल्ले.