सुकाणू धरणारा हात

माझे ड्रोनचे व्हिडिओ बघून वा वा करता ना, मग पहिल्याच आठवड्यात काय झालं तेही ऐका.

मी बुरोंडीच्या किनाऱ्यावर ड्रोन शिकत होते आणि बाबा शेजारी जाळं शिवत बसले होते. सगळा जन्म होडीवर काढलेला माणूस, पण साधा फोन लावायचा तरी मलाच हाक मारतात.

ड्रोन पाण्यावर नेला, परत आणायला आमच्याकडे तोंड करून वळवला आणि तिथंच फसले. तो समोरून येत असला की डावं-उजवं उलटं होतं. मी रिमोटची स्टिक डावीकडे ढकलतेय आणि हा उजवीकडे, थेट खडकांवर! त्यात बॅटरी संपत आल्याची टीं टीं.

"दे हकडे," बाबा म्हणाले.

"बाबा, ही होडी नाहीये!"

"दे म्हटलं ना!"

त्यांनी शांतपणे स्टिक उजवीकडे लोटली. ड्रोन खडक सोडून वाळूवर आला. मी घाईघाईनं उतरवायचं बटण दाबलं.

"सुकाणू उजवीकडे लोटलं की होडी डावीकडे जाते गो," बाबा म्हणाले. "आमचा हात उलटाच चालतो."

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले, तर मासे विकणारी काकी म्हणते, "तुझा बापूस सकाळपासून सगळ्यांना सांगतोय, लेकीनं विमान उतरवलं!"

मी बाबांना गाठलं. "खोटं कशाला सांगताय? वाचवलं तुम्ही!"

त्यांनी जाळ्यावरची नजरसुद्धा काढली नाही. "बटण काय मी दाबलं?"