चायक नाय म्हणूचा नाय

दिवसभर मासळी विकून गोदूबाईचे पाय भरून आले होते. रिकामी पाटी मांडीवर घेऊन ती कट्टा गावच्या थांब्यावर मालवणच्या एस.टी.ची वाट बघत होती. बाकड्यावर महारोग सेवा मंडळातल्या दोघी बोलत होत्या, जुनी नर्मदा आणि नवी प्रेमलता.

“वयनी, जखमो बांधूक माका जमात. आणखी काय करूचा लागात?”

“दुखणेकऱ्यान चाय दिली तर नाय म्हणूचा नाय. शेजाऱ्यांदेखत पिऊची.”

“तेंच्याच कपात?”

“मग काय घराकडसून कप घेवन जातलंस?”

“तुमी पितास?”

“सात वर्सा पितंय. बघ, हात-पाय धड आसत.”

“घरातली काय बोलनत नाय?”

“सासू माका नारळाच्या करटीतून चाय देता. पिऊन झाली की करटी चुलीत. रोज नवी.”

“आणि तुमचो घोव?”

“तो आपली कपबशी घेवन भायर जाता.”

“मग सोडून टाका मां ह्या काम!”

“सोडून करू काय? कपबशी माका थंयच गावता गो.”

गाडी आली. प्रेमलता कट्ट्याचीच, ती खाली राहिली. गोदूबाई चढली तशी आत बसलेली नर्मदा खिडकीकडे सरकली.

“गे मावशे, हंय बस. जागा आसा.”

“नको गो. माका उभ्यानच बरा,” गोदूबाई म्हणाली.

मालवण अजून नऊ मैल होतं.