सूर्याला आलेला गोवर

नातवंडांना रंगीत नाश्ता करून घालता म्हणून एवढ्या मिरवू नका गं! अमळनेरला होते तेव्हा मी ते रॉकेलच्या स्टोव्हवर करून बसलेय.

माझा पिंटू तेव्हा दुसरीत. सकाळी काही खायचा नाही आणि शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडायचा. म्हटलं, बघतेच कसा खात नाही! पालक वाटून हिरव्या धिरड्यांचे पोपट केले. त्याने हात लावला नाही. बीट किसून लाल मासे केले, ते मांजरीला घातले.

मग मी सूर्य करायला घेतला. पिवळाधमक दिसावा म्हणून सढळ हाताने हळद घातली. माझ्या सासूबाई, अक्का, शेजारीच पापडाचं पीठ मळत होत्या. धिरडी हलकी व्हावीत म्हणून त्यांनी मला न विचारता माझ्या पिठात चिमूटभर पापडखार टाकला. हळदीला खार लागला की ती लाल होते. खार नीट कालवला गेला नव्हता, म्हणून तव्यावर सूर्याच्या अंगभर लाल ठिपके उठले.

पिंटूने ताट लांब सारलं. "आई, याला गोवर आलाय! मी नाही खाणार, मलापण होईल."

मला रडूच फुटणार होतं, पण उलथनं काही मी खाली ठेवलं नाही. दुसरं धिरडं घातलं.

अक्कांनी ते ताट स्वतःपुढे ओढलं. "आन इकडे. माले गोवर कवाच येई गया." आणि सूर्याचा लचका तोडला.

पिंटू बघत राहिला. मग एकदम ओरडला, "आजी, थांब! मलापण होळीला येऊन गेलाय!"

त्यानंतर मी निरोगी सूर्य कधी केलाच नाही.