पित्तच झालतं

— आन आज काय, वांगं? पारमिता, वांगं मोजायला आलीस? मोठ्यानं बोल गं, हे साड्यांचे चार माग चालू झाले की मला माझंच ऐकू येत न्हाय. व्हय, काटा हाय आमच्याकडं, पण एका वांग्याचं वजन करून तुझी आई काय करणार हाय? सोमवारी चाळण मागून न्हेलीस, मंगळवारी परत आणलीस, बुधवारी शिडी — तुमच्या घराला माळा न्हाय, शिडी कशाला? काल कोथिंबीर न्हेलीस आन सांजच्याला तीच कोथिंबीर परत! जुडीचा दोरा सुदिक तोच. मी काय खुळी हाय? काय तरी मागायचं माझ्याकडं आन पळायचं वर प्रियदर्शनीकडं, तासभर. काय बोलता गं एवढं? मी आई असून माझ्याशी दोन शब्द बोलत न्हाय ती, आन तुझ्याशी हसती. मला राग येतो. येतो म्हणजे येतो, खोटं कशाला बोलू?

तसं तिला काय झालेलं न्हाय. श्रावणात पित्त झालतं, बस. तूच रिक्षात घालून न्हेलतीस, तुला म्हाईत हाय — पित्तच. चार दिवस आयसीयूत. शेजारची अक्काताई विचारती, पित्ताला पोलीस जबाब घ्यायला येतात व्हय? म्हटलं, नवीन नियम हाय, आता सगळ्या पित्ताला येतात. हसू नको. — हसत न्हाईस व्हय. बरं.

डॉक्टरीणबाई कन्नडातनं लई बोलली — मला कन्नड चांगलं येतंय, पण त्या दिवशी एक शब्द डोक्यात शिरला न्हाय — शेवटी बिचारी मोडक्या मराठीत म्हणाली, घरातल्यांनी रोज बोला हिच्याशी. ह्यांनी मान हलवली. पोरगी कॉलेज सोडून आली त्या दिवसापासनं ह्यांनी तिच्याशी बोलणं सोडलंय, आन मान हलवत्यात! घरी आल्यावर मला म्हणाले, तू बोल. मी कशी बोलू? ह्या खडखडाटात बोलणं असतंय कुठं — आमच्यात सगळं हातानं. चहा, असा अंगठा. जेवायला, अशी पाची बोटं. कांडीवरचं सूत संपलं, गिऱ्हाईक आलं, सगळ्याला खूण हाय. ‘कशी हाईस’ ह्याला न्हाय. सासूनं शिकवलीच न्हाय मला. तिला तरी कुणी विचारलंतं?

आन मी लक्ष देत न्हाय असं म्हणू नको. आत्ता, तू यायच्या जरा आधी, जिन्यावर उभी हुती ती. माझ्याकडं बघून दोन बोटं अशी जुळवली आन फाकवली — धागा तुटला. दोनदा केलं. मी हातातलं टाकून चारी माग फिरून बघितले, एक धागा तुटलेला न्हाय! तिला हात हलवून सांगितलं, सगळं बरोबर हाय, जा. गेली वर. दार लावून घेतलं. आता मला सांग, मागावर जन्मलेली पोरगी, तिला एवढं दिसू नये, धागा कुठं —

काय गं? तोंड का असं केलंस?

कुठला धागा म्हणतीस?

अहो! अहो, माग बंद करा! चारी! साडी गेली खड्ड्यात, बंद करा म्हणते न्हवं! पारमिता, तू हो पुढं, दार वाजव — वाजव जोरात — प्रिया! ए प्रिया, दार उघड गं बाळा, मला कळलं न्हाय गं, मला वाटलं साडीचा —

उघडलं. उघडलं गं तिनं दार.

पारमिता, जाऊ नको, थांब हितंच. हे पण आलेत बघ जिन्यात. किती शांत झालं गं घर, सगळं ऐकू जातंय आता. हळू सांग माझ्या कानात — आधी काय म्हणायचं असतंय?