दोनशे मीटर खोल

स्वस्तातलं नकली घड्याळ चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं ते आमच्या भावजींना विचारा. नको, विचारूच नका. मेटगळ्ळीच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला हा माणूस मध्यंतरी पाणबुडे वापरतात तसलं घड्याळ घेऊन आला. परदेशी घड्याळाची हुबेहूब नक्कल, तबकडीवर 'दोनशे मीटर' छापलेलं. माझी अक्का म्हणाली, "बादलीत बुडवून बघा की." भावजींना तो घड्याळाचा अपमान वाटला.

म्हणून आम्ही तिघं टी. नरसीपूरला, संगमावर गेलो. तिथे टोपलीसारख्या गोल होडीत बसलो आणि भावजी होडीवाल्याला कन्नडमध्ये म्हणाले, "दोनशे मीटर पाहिजे." त्यानं निमूट वल्हवत नेलं आणि थांबला.

"झाले सार, दोनशे मीटर."

"अरे, खोल पाहिजे, खोल!"

"इथं छातीएवढंच आहे सार."

भावजींनी नाइलाजानं तेवढ्याच पाण्यात घड्याळ दोरीनं सोडलं, वर ओढलं. सेकंद काटा टुणटुणीत पळत होता. "चालतंय!" म्हणत ते आनंदानं ताडकन उभे राहिले आणि होडी उलटली.

छातीभर पाण्यात आम्ही चौघं उभे. माझा फोन गेला, अक्काचा गेला, होडीवाल्याचाही गेला. भावजी मात्र मनगटावर घड्याळ बांधून हात उंच करून ओरडत होते, "बघा, आत एक थेंब नाही!"

अक्का पदर पिळत म्हणाली, "बरं, मग किती वाजले?"

"अय्यो, वेळ कुठे लावलीय? चावी ओढली तर पाणी आत जातं म्हणे!"